आमची नावं गावात फुटू देऊ नका

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, पूर्व भागातल्या एका गावात राहते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या अकरावीतल्या मुलीचं लग्न ठरलं. दसरा नुकताच झाला होता. तिच्या आईवडिलांनी मुकादमाची उचल घेतलेली, टोळी कारखान्यावर निघायची होती. वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीजवळ ठेवून पाच महिने ऊसतोडीला जायचं, याचा त्यांच्या जिवाला घोर. "एकदा उजवून टाकली की सुटलो," असं तिची आई माझ्या आईला म्हणाली, तेव्हा मी तिथंच चुलीपुढं बसले होते. त्या माउलीला मी दुष्ट म्हणणार नाही.

कासारीण येऊन चुडा भरून गेली, त्या रात्री ती मुलगी आमच्याकडं आली. दहावीची मार्कलिस्ट माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमच्या पेटीत ठेव. तिकडं नेली तर जाईल."

मी, माझा चुलतभाऊ आणि त्याचे दोन मित्र, आम्ही 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथं नाव सांगावं लागत नाही. पण वेळ थोडा होता, म्हणून गावातल्या कार्यालयातही जाऊन सांगितलं. तिथंच घात झाला. दिवस मावळायच्या आत पारावर आमची चौघांची नावं झाली. चुलत्याच्या बाजरीच्या काढणीला भावकीतलं एक माणूस आलं नाही. माझ्या वडिलांना सांगण्यात आलं, "पोरीला आवरा, नाहीतर आधी तिचंच बघा."

लग्न थांबलं. साहेब आले, पोलीस आले, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं हमीपत्र लिहून घेतलं आणि गेले. पुन्हा कुणी फिरकलं नाही. बाराव्या दिवशी तिला हद्दीपलीकडं, कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यातल्या पाहुण्यांकडं नेऊन अक्षता टाकल्या. मार्कलिस्ट अजून आमच्या पेटीत आहे.

2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा कच्चा नाही. लग्न लावणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. कलम 13 खाली कोर्टाचा मनाई हुकूम मिळतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. कायदा केंद्राचा, त्यामुळं हद्द ओलांडून काही उपयोग झाला नसता. तरी आमच्याकडं हमीपत्रावर भागवलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्यांतल्या कितीजणींच्या घरी आधी असाच कागद लिहून घेतला असेल, हे मनात येतं.

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आताचा ग्रामपंचायत अधिकारी. घरपट्टी ज्यांच्याकडून वसूल करायची, ज्या सरपंचासोबत रोज बसायचं, त्यांच्याच मांडवात त्यानं शिरायचं. एकट्यावर हे टाकणं बरोबर नाही. तक्रार तालुक्याला घ्या, चौकशीला बाहेरचा माणूस पाठवा आणि सांगणाऱ्याचं नाव फोडणाऱ्यावर कारवाई करा. आमच्यासारखी पोरं बोलायला तयार आहेत. एकदा नाव फुटलं, की पुढची दहा गप्प बसतात.

दरवर्षी अक्षय तृतीयेला लक्ष ठेवण्याचे आदेश निघतात. आमच्याकडं घाई असते ती टोळ्या निघायच्या आधी, मुहूर्त असो वा नसो. तेव्हा गावात या. आणि दहावीनंतर मुलींना राहायला तालुक्याला वसतिगृह द्या. आईबाप तिकडं फडात असताना पोर इथं कुणाच्या भरवशावर ठेवायची, या प्रश्नाला आमच्याकडं तरी दुसरं उत्तर नाही.

परवा आमच्या आळीत नववीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले. मी याही वेळी फोन करणार आहे. खाली नाव लिहीत नाही, कारण मला धाकटी बहीण आहे.

आपली,
जत तालुक्यातील एक विद्यार्थिनी