फिजिओ मॅडम, लेक पुन्हा साखळी पळते आहे

मॅडम, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या दिवशी तुमच्या हातात पेढे ठेवले आणि निघालो. बाहेर रांग होती, मनातलं बोलायचं राहून गेलं. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण नाशिकच्या मैदानांवर खेळणाऱ्या पुष्कळ मुलींच्या घरी याचा उपयोग होईल.

खो-खोत साखळी पळताना बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी निघावं लागतं. दर वळणाला अख्खं अंग एका घोट्यावर येतं. माझ्या लेकीचा उजवा पाय अशाच वळणावर पुन्हा मुरगळला, तळवा आत वळला आणि रात्रीपर्यंत घोटा टम्म सुजला. तुमच्याकडे आणलं तेव्हा तुम्ही सुजेच्या आधी हाडांकडे वळलात. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवरून अंगठा दाबत गेलात, मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जे हाड वर येतं ते, मग आतल्या बाजूचं. नंतर चार पावलं टाकायला लावलीत. लंगडत का होईना, तिने टाकली. एक्स-रे लागेल का हे ठरवण्याची ही पद्धत कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडली, हेही तुम्ही तपासता तपासता सांगितलंत. हाड शाबूत आहे म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाई आंबेहळदीची वाटी घेऊनच आल्या होत्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "आजी, लेप लावा हवं तर, पण पहिले काही दिवस चोळू नका आणि शेकू नका. आत रक्त उतरलंय, सूज वाढेल." सासूबाईंचा मान राहिला. पुढे पाय चोळून द्यायला आलेल्या शेजारणींना त्यांनीच दारातून परत पाठवलं.

पण खरे आभार मानायचेत ते दुखणं थांबल्यानंतरच्या दिवसांसाठी. लेक म्हणाली, "आता दुखत नाही, मी मैदानावर जाते." तुम्ही तिला डोळे मिटून डाव्या पायावर उभं केलंत. निवांत उभी राहिली. मग उजव्यावर. घोटा थरथरला, हात हवेत गेले आणि दुसरा पाय टेकलाच. "दुखतंय?" "नाही." "मग तोल का जातोय?" तिला उत्तर देता येईना.

तेव्हा तुम्ही समजावलंत. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे, त्यातलं पुढचं बहुधा सगळ्यात आधी दुखावतं. पाऊल किती कलंडलंय ही खबर मेंदूला देणाऱ्या नसाही त्या लिगामेंटमध्येच असतात. ते फाटलं की खबर नीट पोचत नाही आणि नडगीच्या बाहेरचे स्नायू सावरायच्या आत पाय मुरगळून मोकळा होतो. तिचा पाय मुळात नाजूकच, असं सगळे म्हणायचे. तोच पाय पुन्हापुन्हा का जातो याचं कारण मला पहिल्यांदा कळलं.

"करंट लावणार नाही का?" असं मी विचारलं होतं. "दुखणं कमी करायला लागला तर लावू, पण मशीनने ताकद येत नाही," म्हणालात. ती आली पलंगाच्या पायाला बांधलेल्या रबरी पट्ट्याने, जिन्याच्या पायरीवर टाचा वरखाली करण्याने, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवण्याने घोटा मोकळा झाला. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी एका पायावर उभं राहणं हा तर घरात नेम झाला. मग पांडवलेणी चढायला पाठवलंत आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या म्हणालात, कारण उतरताना घोट्याला प्रत्येक पायरीवर वजन तोलावं लागतं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत आपल्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, प्रियंका इंगळे कर्णधार होती. तो अंतिम सामना लेकीने तुम्हाला किती वेळा ऐकवला असेल! तुम्ही नुसतं ऐकून घेतलं नाहीत. सुट्टीच्या रविवारी मैदानावर आलात, खांबाजवळ मुली कशा वळतात ते कडेला उकिडवं बसून पाहिलंत आणि दुसऱ्या दिवसापासून तेच वळण आधी चालत, मग धावत करून घेतलंत. एका पायावरच्या उड्या दोन्ही पायांनी सारख्या पडेपर्यंत परवानगी दिली नाहीत. ती रडली, माझ्यावर चिडली, तुमच्यावरही रुसली. तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण ढिलाईही दिली नाहीत. मॅडम, त्या ठामपणाचं ऋण मोठं आहे.

आता सरांनी सगळ्या संघाला सरावाआधी डोळे मिटून एका पायावर उभं करायला सुरुवात केली आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी मुलींचा सामना आहे. दवाखाना लवकर आटोपला तर या. सासूबाईही येणार आहेत, तुमची जागा त्या धरून ठेवतील.

तुमची कृतज्ञ,
एका खो-खोपटूची आई
पंचवटी, नाशिक