दहाव्या खंडानंतर आलेली पूर्वकथा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्भुतरम्य कादंबरीमालिकेचा दहावा खंड एकदाचा संपवलास हे वाचून तुझे अभिनंदन करावे की सांत्वन, हे मला ठरवता येईना. त्या खंडात शेकडो पाने उलटूनही कथा जागची हलत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे आणि ती तुझ्या आधी पुष्कळांनी केलेली आहे. तू विचारले आहेस की ‘न्यू स्प्रिंग’ ही पूर्वकथा आता लगेच वाचावी, सर्व खंड संपल्यावर वाचावी की सरळ वगळावी. आणि जुने वाचक तिच्यावर इतके का चिडले होते. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे पहिल्याचे उत्तर आपोआप मिळेल.

तू हे सारे खंड एका ओळीत मांडून वाचतो आहेस, त्यामुळे वाट पाहणे म्हणजे काय हे तुला ठाऊक नाही. पहिला खंड १९९० साली आला आणि सुरुवातीची काही वर्षे रॉबर्ट जॉर्डन जवळजवळ दरवर्षी एक जाडजूड खंड देत राहिले. पुढे हे अंतर दोन वर्षांपर्यंत लांबले. २००० साली आलेल्या नवव्या खंडाच्या शेवटी तीन हजारांहून अधिक वर्षे पुरुषांच्या जादूला लागलेला कलंक धुऊन निघतो. एवढी मोठी घटना घडवून लेखकाने पुस्तक मिटवले, आणि त्यानंतर जानेवारी २००३ मध्ये जो दहावा खंड हाती पडला तो बराच काळ बाकीची पात्रे त्या दिवशी कोठे होती आणि त्यांना दुरून काय जाणवले, हेच सांगत बसला. आता अकराव्या खंडात तरी गाडी पुढे सरकेल अशी आशा धरून लोक थांबले असताना, जानेवारी २००४ मध्ये आली ती कथेला वीस वर्षे मागे नेणारी पूर्वकथा. म्हणजे ‘न्यू स्प्रिंग’वरचा राग तिचे पहिले पान उघडण्याआधीच तयार होता, आणि तो बहुतांशी दहाव्या खंडाचा होता.

त्यात पैशाचाही प्रश्न होता. हीच कथा लघुकादंबरीच्या रूपाने १९९८ साली रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेल्या ‘लेजेंड्स’ या संग्रहात येऊन गेली होती. ज्यांनी केवळ या कथेसाठी तो संग्रह विकत घेतला होता, त्यांना आता तिचीच वाढवलेली आवृत्ती पुन्हा विकत घ्यावी लागत होती, आणि तीदेखील बहुतेक मुख्य खंडांच्या निम्म्याहून लहान. गंमत अशी की त्याच संग्रहात स्टीफन किंग आणि जॉर्ज मार्टिन यांनीही आपापल्या मालिकांच्या आधीच्या काळातल्या कथा दिल्या होत्या, पण त्यांच्यावर असा राग निघाल्याचे मला आठवत नाही. संग्रहातली कथा मुख्य खंडाच्या रांगेत घुसत नाही, म्हणून वाचक तिच्याकडे उदार मनाने पाहतो. मार्टिन यांनी मात्र ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या आपल्या मालिकेच्या २०११ मधल्या पाचव्या खंडानंतर सहावा न देता २०१८ साली ‘फायर अँड ब्लड’ हा राजघराण्याचा पूर्वेतिहास दिला, तेव्हा त्यांच्या वाचकांतही नेमकी हीच कुरकुर ऐकू आली. ज्याची वाट पाहत होतो ते सोडून दुसरेच काही समोर आले, की त्याचा दर्जा कोण पाहतो?

रागाचा हा भाग आज तुझ्या दृष्टीने निकालात निघाला आहे, कारण अकरावा खंड तुझ्या हाताशीच आहे. दुसरा आक्षेप मात्र अजून जिवंत आहे आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. ज्या कथेचा शेवट आधीच माहीत आहे तिच्यात उत्कंठा कसली, असे पुष्कळजण विचारतात. जादू जाणणारी मोरेन आणि तिचा योद्धा रक्षक लॅन जगणार, एकमेकांशी बांधले जाणार आणि वीस वर्षांनी कथानायक रँडच्या गावी पोहोचणार, हे आपल्याला पहिल्या खंडापासून ठाऊक आहे. मग राजवाड्यातल्या मारेकऱ्यांची भीती ती काय वाटायची? या आक्षेपात निम्मे तथ्य आहे. उत्तरार्धातले राजवाड्याचे प्रसंग, जेथे लेखक खरोखरच्या धोक्यावर भिस्त ठेवतो, ते मला या पुस्तकाचे सर्वांत दुबळे भाग वाटतात. वाचता वाचता हात घड्याळाकडे जातो.

पण पूर्वार्ध वेगळ्याच ताकदीवर उभा आहे. प्रारंभी एक भविष्यवाणी होते: ड्रॅगनचा, म्हणजे जगाच्या तारणहाराचा, पुनर्जन्म त्याच क्षणी, शहराबाहेरच्या डोंगरउतारावर झाला आहे. ती उच्चारणारी वृद्धा तिथल्या तिथे मरते, आणि हे गुपित ठाऊक असलेल्या तिघीच उरतात, एक आएस सेडाय या जादू जाणणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेची प्रमुख आणि दोन विद्यार्थिनी, मोरेन आणि स्वान. मग प्रमुख युक्ती काढते. शहराभोवती चाललेल्या वेढ्याच्या काळात ज्या स्त्रियांनी मुलांना जन्म दिला त्या प्रत्येकीला शंभर सुवर्णमुद्रांचे बक्षीस जाहीर होते, आणि विद्यार्थिनींना छावण्यांतून फिरून आयांची नावे लिहून घेण्याचे काम दिले जाते. जगाच्या तारणहाराचा शोध थंडीत, शाईने माखलेल्या बोटांनी, याद्या करण्यातून सुरू होतो. या प्रकारच्या कादंबरीत असा कारकुनी आरंभ मी दुसरीकडे वाचलेला नाही, आणि मला तो फार आवडला.

पुढे त्या दोघी या नावांची चोरून नक्कल करून ठेवतात. ती वही चाळताना मोरेनला अनेक नावांबरोबर कारी अल’थॉर हेही नाव दिसते. नवरा सैन्यातला अधिकारी होता, त्याने नोकरी सोडली आहे, आणि या जोडप्याला मूल झाले होते की नाही याचीच शंका आहे, एवढी नोंद करून ती पुढच्या नावाकडे वळते. तुला आठवत असेल, पहिल्या खंडात टॅम, म्हणजे याच कारीचा नवरा आणि रँडला वाढवणारा बाप, तापाच्या ग्लानीत डोंगरावर सापडलेल्या बाळाविषयी बडबडतो आणि रँड त्याला झोळीसारख्या साधनावरून ओढत नेत ते ऐकतो. ज्याने ते वाचले आहे त्याला मोरेनच्या वहीतली ती ओळ वाचताना पुस्तकात हात घालून तिला थांबवावेसे वाटते. ज्याने वाचलेले नाही त्याच्यासाठी ते यादीतले आणखी एक नाव आहे. शब्द तेच, लेखकाने एक अक्षरही जास्त लिहिलेले नाही. उत्कंठा संपली असे म्हणणाऱ्यांना मी हेच पान दाखवतो. पुढे काय होणार याची उत्कंठा येथे नाहीच. आपल्याला ठाऊक आहे ते तिला ठाऊक नाही, आणि ते कळायला तिला वीस वर्षे लागणार आहेत, या जाणिवेने जीव कासावीस होतो.

हे पुस्तक आवडलेले वाचकही त्या वेळी थोडे नव्हते, आणि त्यांच्या आनंदाचे एक साधे कारण तुला पटेल. १९९३ च्या पाचव्या खंडाअखेर मोरेन त्या जादूच्या दाराच्या चौकटीतून पलीकडे गेली आणि त्यानंतरचे पाच खंड ती कोठेच नाही. वर्तमान कथेत जी माणसे एवढी दुरावली होती, त्यांना पूर्वकथेने पुन्हा समोर आणले. त्याहून मोठा लाभ मला स्वानचा वाटतो. मुख्य मालिकेत ती आधी कठोर सत्ताधीश म्हणून भेटते, आणि चौथ्या खंडात तिचे पद आणि शक्ती दोन्ही हिरावून घेतली जातात. येथे ती कोळ्याची खोडकर, चलाख, मैत्रिणीसाठी जीव टाकणारी मुलगी आहे. पूर्वकथा वाचल्यावर मी चौथ्या खंडातला तो प्रसंग पुन्हा काढून वाचला आणि तो मला पूर्वीपेक्षा जास्त लागला. मागे जाऊन लिहिलेले पुस्तक आधीच्या पानांचे वजन वाढवत असेल तर त्याने आपले काम केले, असे मी म्हणेन.

सगळेच जमले आहे असे नाही. मोरेन आणि लॅन यांची पहिली भेट, तो तिला तळ्यात फेकतो तो प्रसंग आणि त्याचा सूड म्हणून तिने प्रवासात केलेल्या खोड्या, यांवर वाचकांत तेव्हा दोन तट पडले आणि अजून आहेत. मला तो सारा प्रकार पोरकट वाटतो. कॅडस्वेन येथे का येते हेही मला नीट उमगले नाही. सातव्या खंडात आलेले हे पात्र वाचकांनी ओळखावे एवढ्यासाठीच तिला बोलावल्यासारखे वाटते, आणि तिच्या येण्याने कथेला काही मिळत नाही.

आता क्रमाविषयी. काही हितचिंतक नव्या वाचकाला सांगतात की काळाच्या दृष्टीने ही कथा आधीची, शिवाय आकाराने लहान, तेव्हा आरंभ येथूनच करावा. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. नार्निया या सी. एस. लुईस यांच्या मुलांसाठीच्या कादंबरीमालिकेच्या बाबतीत हेच घडले. प्रकाशनक्रमाने सहावे असलेले ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हे १९५५ चे पुस्तक १९९४ पासून संचात पहिले म्हणून छापले जाऊ लागले, सी. एस. लुईस यांनी १९५७ साली एका लहान वाचकाला लिहिलेल्या पत्रात काळानुसार वाचण्याला पसंती दिली होती, त्याचा आधार घेतला गेला. परिणाम असा की बर्फाळ जंगलात एकटाच पेटलेला दिव्याचा खांब पाहून मुलांनी जे आश्चर्य करायचे, त्याचे उत्तर त्यांना आधीच मिळालेले असते. लेखकाचे मत काहीही असो, त्याने लिहिताना वाचकाला काय ठाऊक आहे असे गृहीत धरले होते, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. पहिल्या खंडात गावात आलेली मोरेन भली की बुरी हे आपल्याला कळत नाही, आणि त्या संशयावरच निम्मा खंड चालतो. पूर्वकथेपासून सुरुवात करणारा वाचक तो संशय गमावून बसतो.

या पुस्तकावरचे मत पुढे बदलले त्यामागे एक दुःखद कारणही आहे. अकरावा खंड ऑक्टोबर २००५ मध्ये आला. २००६ साली जॉर्डन यांनी आपल्याला रक्तासंबंधीचा आणि हृदयाला ग्रासणारा गंभीर आजार असल्याचे जाहीर केले, आणि १६ सप्टेंबर २००७ रोजी ते गेले. मालिका ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून २०१३ पर्यंत पूर्ण केली. त्यानंतर काहीजण म्हणू लागले की पूर्वकथेत घालवलेला वेळ शेवटच्या खंडासाठी वापरला असता तर तो त्यांच्याच हातून उतरला असता. हा हिशेब मला निष्ठुर वाटतो, कारण २००४ साली स्वतः लेखकालाही हे माहीत नव्हते. त्यांनी आणखी दोन पूर्वकथा योजल्या होत्या, आणि वाचकांची नाराजी पाहून मुख्य मालिका संपेपर्यंत त्या बाजूला ठेवल्या. त्या कधीच लिहिल्या गेल्या नाहीत, याची हळहळ ज्यांना वाटते त्यांत मी आहे.

तेव्हा माझे म्हणणे असे की अकरावा खंड उघडण्याआधी, आताच, ‘न्यू स्प्रिंग’ वाच. शेवटी ठेवू नकोस. त्याची सगळी कारणे सांगितली तर पुढचे खंड बिघडतील, म्हणून एवढेच लिहितो की पूर्ण आएस सेडाय होण्याच्या ज्या परीक्षेचा दहा खंडांत केवळ उल्लेख होता ती येथे सविस्तर येते, आणि ती वाचून ठेवलीस तर पुढे तुला उपयोगी पडेल. राजवाड्याच्या प्रकरणांत कंटाळलास तर पाने भराभर उलटलीस तरी हरकत नाही, पण याद्यांच्या प्रकरणांत घाई करू नकोस. ते संपवलेस की लगेच लिही. तळ्याच्या प्रसंगावर आपले एकमत होणार नाही हे मी आताच सांगून ठेवतो, कारण लॅनच्या बाबतीत तुझा पक्षपात जुना आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
जुना वाचक-मित्र