बाबा, फॉरमॅट मारू देऊ नका

बेंगळुरू
५ जुलै

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा तीनदा म्हणाले, "मीच काहीतरी भलतं दाबलं असणार गं." ते ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. बाबा, तुम्ही काहीही बिघडवलेलं नाही. लेख टाइप करताना चुकीचं बटण दाबून कॉम्प्युटर असा बंद पडत नाही. फोनवर सांगितलेलं ध्यानात राहत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. हे पत्र कॉम्प्युटरच्या कॅबिनेटशेजारी ठेवा आणि मगच हात लावा.

तुम्ही जे सांगितलंत ते मी क्रमाने लिहून काढलं. पंधरा दिवसांपूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात कुठलं तरी जुनंच साल दिसायला लागलं. वर्तमानपत्राची साइट उघडेना, "सुरक्षित नाही" म्हणायला लागली. मग एकदा काळ्या पडद्यावर इंग्रजीत एफ-१ दाबायला सांगितलं, तुम्ही दाबलंत आणि गाडी सुरू झाली. आणि गुरुवारपासून दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच आणि आतून बीप बीप आवाज. मला ही दोन वेगळी दुखणी वाटतात, आणि दोन्ही किरकोळ आहेत.

पहिलं दुखणं सेलचं. आतल्या मोठ्या हिरव्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो. त्याचं नाव सीआर २०३२. वीस म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि बत्तीस म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. वीज बंद असतानाही मशीनचं घड्याळ चालू ठेवायचं आणि सुरुवातीची सेटिंग्ज जपायची, एवढंच त्याचं काम. बाबा, तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात जसा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक असतो, तसाच इथेही असतो. ३ व्होल्टचा तो सेल उतरला की घड्याळ मागे जातं. तारीख मागे गेली की साइटचं सुरक्षेचं प्रमाणपत्र त्या तारखेला लागूच नाही असं मशीनला वाटतं, म्हणून पान उघडत नाही. तुम्हाला वाटलं व्हायरस आला. व्हायरस नाही बाबा, सेल संपलाय. घड्याळवाल्याकडे मिळेल.

दुसरं दुखणं रॅमचं, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या पट्टीचं, आणि त्याला जबाबदार आपली गिरगावची हवा. तळमजल्याची खोली, चौपाटी हाकेच्या अंतरावर, जुलैचा पाऊस. आईच्या डब्यातलं मीठ जिथे ओलं होतं, तिथे रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात कसे स्वच्छ राहतील? त्यांच्यावर पातळ थर बसतो, पट्टी आणि खाच यांचा नीट स्पर्श होत नाही. मशीन सुरू होताना आधी स्वतःचीच तपासणी करतं. त्यात रॅम सापडली नाही तर पडद्यावर चित्र आणायच्या आधीच ते थांबतं आणि बीप देऊन सांगतं. प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी असते, म्हणून किती वाजतात, लांब की तुटक, ते कागदावर लिहून ठेवा.

आता करायचं काय. भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढा. मग कॅबिनेटचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डावीकडचा पत्रा उघडा. हात कोरडे असू द्या आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला बोट लावा. रॅमच्या पट्टीच्या टोकाला चिमटे असतात, ते बाहेर दाबले की पट्टी वर येते. ती कडेने धरा. सोनेरी दातांवर साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, लहानपणी माझ्या वहीतली चूक खोडायचात तसं, कागद फाटू न देता. दोन्ही बाजूंनी. कचरा कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाने फुंकर मारू नका, ओलावा जातो. परत बसवताना पट्टीची खाच जुळवून दोन्ही टोकं दाबा, 'टक्' असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर पट्टी बसलेलीच नाही. ज्या डब्यात विजेची वायर जाते तो एसएमपीएस मात्र कधीही उघडायचा नाही. पिन काढून बटण दाबल्यावरही त्यात करंट राहू शकतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. दुकानातला मुलगा घरी येऊन म्हणाला ना, "काका, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो"? त्याला हात लावू देऊ नका. मशीन हार्ड डिस्कपर्यंत पोचतच नाहीये, त्याच्या आधीच अडकलंय. डिस्क पुसून हा बीप थांबणार नाही, आणि जाईल ते कायमचं जाईल. पूर्वी एकदा असंच झालं आणि आईच्या माहेरच्या घराचे फोटो गेले. त्या घराचे दुसरे फोटो कोणाकडे नाहीत.

शिवाय तुमच्या चाळीच्या आठवणी, बाबा. अकरा वर्षं रोज सकाळी चहानंतर टाइप केलेल्या. त्या सगळ्या श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. तो फॉन्ट मशीनमधून गेला की फाइल शाबूत राहिली तरी तिच्यात मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणजे फाइल आहे, पण तुम्हाला ती वाचता येत नाही. गणपतीला येईन तेव्हा बाहेरची डिस्क आणते, सगळं दोन ठिकाणी उतरवू आणि एकेक प्रकरण युनिकोडमध्ये करू. मला ते वाचायचंय, अजून पूर्ण वाचलेलं नाही याची खंत आहे.

खोडरबराने जमलं नाही तर शेजारच्या मुलाला घेऊन लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटरच्या बाजारात जा, आपल्याकडून चालत जाण्यासारखं आहे. पण आधी हार्ड डिस्क काढून आईच्या कपाटात ठेवा. रॅम किंवा एसएमपीएस तपासायला डिस्क लागत नाही. "विंडोज १० आता जुनं झालं, नवीनच घ्या" असं कोणी म्हणेल. तिचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले हे खरं, पण त्यामुळे मशीन बीप देत नाही. बँकेचं काम त्यावर करू नका, लेखन खुशाल करा.

आई, तू मोबाइलवर कस्टमर केअरचा नंबर शोधत होतीस असं म्हणालीस. नको शोधूस. असे खोटे नंबर खूप असतात. समोरचा माणूस एखादं ॲप टाकायला लावतो आणि मोबाइलच ताब्यात घेतो. कोणी फसवलंच तर लगेच १९३० ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कर, लाजायचं नाही.

रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल करते. खोडरबर, ब्रश, नवा सेल आणि टॉर्च काढून ठेवा. टॉर्च आईने धरायचा. जुना सेल काढताना अक्षरांची बाजू कुठे आहे ते बघा, नवाही तसाच बसवायचा. मग तारीख आणि डिस्कचा क्रम कुठे लावायचा ते मी पडद्यावर बघून सांगते.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, कॅबिनेट टेबलाखालून तुम्ही ओढायचं नाही. कंबर नुकतीच सावरतेय. वरच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारा.