राजगड, खिडकी क्रमांक दोन!

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला, की आम्हा निवृत्तिवेतनधारकांना आपण जिवंत असल्याचे बँकेत जाऊन दाखवून द्यावे लागते. कोषागाराकडून आलेल्या यादीत आपल्या नावापुढे सही केली, म्हणजे पुढील वर्षभर सरकारदप्तरी आपण हयात राहतो. गेल्या नोव्हेंबरात ही एक सही करण्यासाठी मला दोन तास दहा मिनिटे बसावे लागले. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून 33 वर्षे नोकरी झाल्यामुळे मोजण्याची सवय जात नाही, तेव्हा हा वेळ घड्याळाकडे पाहून मोजलेला आहे. बँकांविषयीच्या तक्रारींची पत्रे आपल्याकडे पुष्कळ येत असतील आणि त्यांत भर घालण्याचा माझा विचार नाही. परंतु बँकेत जाणे थोडे गमतीचे कसे करता येईल, याविषयी काही कल्पना मला त्या बाकावर बसल्या बसल्या सुचल्या. त्यांना खर्च फारसा नाही आणि त्यांपैकी निम्म्या तरी कोणत्याही नियमाला धक्का न लावता अमलात येऊ शकतील, असा माझा समज आहे; म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात टोकनापासून करतो. संगणक येण्यापूर्वी धनादेश खिडकीत दिला, की कारकून एक पितळी टोकन हातावर ठेवत असे. त्यावर आकडा ठोकलेला असे, कडा हजारो हातांनी गुळगुळीत झालेल्या असत आणि रोखपालाने हाक मारेपर्यंत ते मुठीत धरून बसले, की धातू हळूहळू कोमट होत जाई. आपले पैसे आत कुठेतरी आपल्याकडे यायला निघाले आहेत, याची ती खूण होती. आता यंत्रातून कागदाची चिठ्ठी निघते, ती घामाने मऊ पडते आणि छताजवळच्या ध्वनिवर्धकातून कोणी बाई ‘टोकन संख्या एक सौ सैंतीस’ असे अशा सुरात सांगतात, की ऐकणाऱ्याला आपली गाडी चुकल्यासारखे वाटते. माझी सूचना अशी, की पितळी टोकने परत आणावीत आणि त्यांवर आकड्यांऐवजी किल्ल्यांची नावे कोरावीत. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे जे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांच्यापासून आरंभ करता येईल. त्यांपैकी 11 महाराष्ट्रातील आहेत आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. ‘राजगड, खिडकी क्रमांक दोन!’ असा पुकारा झाला, तर एकशे सदतीस क्रमांकाचा म्हातारा ज्या रीतीने उठतो त्यापेक्षा राजगड निश्चितच ताठ मानेने उठेल. ज्याच्या हाती जिंजीचे टोकन येईल, त्याने डबा उघडून जेवून घ्यावे, कारण राजाराम महाराज तेथे असताना मोगलांचा वेढा जवळजवळ आठ वर्षे चालला होता. सिंहगड त्या बारांत नाही, तरीही त्याचे टोकन हवेच. पुकारा होऊनही कोणी पुढे आले नाही, तर ‘गड आला, पण सिंह चहाला गेला’ असे म्हणण्याचा मान रोखपालाला मिळेल. आमच्या साताऱ्यातील शाखांनी अजिंक्यताऱ्याचे टोकन सर्वांत वयस्क ग्राहकासाठी राखून ठेवावे.

हयातीच्या दाखल्याबाबत मात्र थोडे सविस्तर लिहितो. त्या दिवशी माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांचा दाखला यादीवर सही करून होणारा नव्हता, बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रावर होणारा होता. यंत्राने उजवा अंगठा नाकारला, मग डावा नाकारला, मग एकेक करून उरलेली बोटेही नाकारली. कारकून मुलगी भली होती. तिने आधी पदराने बोट पुसायला सांगितले, मग हात धुवून यायला सांगितले आणि शेवटी स्वतःसाठी आलेला चहाचा पेला पुढे करून ‘आजी, थोडा वेळ याला अंगठा लावून धरा, ऊब आली की ठसा उठतो’ असे सांगितले. आजींनी पेला धरला, पुन्हा अंगठा टेकवला, यंत्राने पुन्हा लाल दिवा दाखवला. तेव्हा त्या यंत्राकडे पाहून म्हणाल्या, ‘‘अगं बाई, मी समोर उभी आहे की! आणखी कशी जिवंत असू?’’ सगळी रांग हसली, त्याही हसल्या. बाराव्या की तेराव्या प्रयत्नात हिरवा दिवा लागला आणि मागून कोणीतरी टाळी वाजवली.

ती टाळी मला फार आवडली. एक माणूस आणखी एक वर्ष टिकला, ही गोष्ट एरवी शिक्का मारून बाजूला सारली जाते. माझे म्हणणे असे, की दाखला झाला रे झाला, की त्या माणसाला वाजवता यावी अशी एक छोटी पितळी घंटा, देवळात असते तशी, खिडकीशी टांगावी. नोव्हेंबरभर ती वाजत राहील आणि कर्जाच्या चौकशीला आलेल्या तरुणांनाही कळेल, की आणखी कोणीतरी हयात निघाले. शाखेने सोबत एक पेढा दिला तर उत्तम. मधुमेह असलेल्यांना शेंगदाण्याचे चार दाणेही चालतील. ऐंशी वर्षांवरील ज्येष्ठांना दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो, तेव्हा घंटेचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते व्हावे. घरबसल्या, भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवूनही आता हा दाखला देता येतो हे मला ठाऊक आहे आणि ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांनी तो तसाच द्यावा. पण मी जातो. यादीवर सही करताना नजर आपोआप वरच्या आणि खालच्या नावांवर जाते. माझ्या वरच्या नावापुढचा रकाना यंदा महिनाअखेरीपर्यंत कोराच होता. ते गृहस्थ दरवर्षी माझ्या आधी येऊन सही करून जात. मुलाकडे परगावी गेले असतील आणि तिथून चेहरा दाखवला असेल, असे मी धरून चाललो आहे.

आता वाट पाहण्याच्या वेळेविषयी. बँकेच्या भिंतीवर गृहकर्ज मिळाल्यामुळे हसणाऱ्या एका जोडप्याचे चित्र असते आणि दोन तासांत ते जोडपे चांगलेच ओळखीचे होते. त्याऐवजी बँकेकडे जे विपुल आहे, त्याचाच उपयोग का करू नये? दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे आणि पाचशे यांच्या सध्याच्या मालिकेतील प्रत्येकी एक नोट घेतली, तर 880 रुपयांत कोणार्कचे सूर्यमंदिर, वेरूळची लेणी, हंपीचा दगडी रथ, पाटणची राणीची वाव, सांचीचा स्तूप आणि दिल्लीचा लाल किल्ला, अशी सहा ठिकाणे पाहून होतात. या सहलीत तिकीट परत खिशात येते, हे विशेष. मागच्या बाजूस भाषांची जी पट्टी असते, तीत 15 भाषांत रक्कम लिहिलेली आहे आणि मराठी बरोबर मध्यभागी, आठव्या ओळीत आहे. वर सात, खाली सात. तिच्याखेरीज कोकणी, नेपाळी आणि संस्कृत याही ओळी देवनागरीतच असल्याने बाकावर बसल्या जागी त्या मोठ्याने वाचण्याची स्पर्धा घेता येईल. क्रमांकाच्या मध्ये चांदणी असलेली नोट सापडणे ही त्यापुढची पायरी. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी अशी नोट घातली जाते. म्हणजे ती बदलीवर आलेली नोट आहे आणि सरकारी नोकरी केलेल्या माणसाला तिच्याविषयी आपोआप आपुलकी वाटते.

मुलांसाठी नाणी अधिक चांगली. माझ्या नातीला मी सांगितले, की नाण्यावरच्या सालाखाली बारकाईने पाहा. तिने पाच रुपयांचे नाणे डोळ्यांशी नेले आणि ‘‘आबा, इथे शंकरपाळं आहे!’’ म्हणून ओरडली. ते शंकरपाळे म्हणजे मुंबईच्या टांकसाळीची खूण. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची काहीच खूण नसते, हीच तिची खूण. त्यानंतर आठवडाभर घरातील एकही नाणे तपासल्यावाचून किराणा दुकानात गेले नाही. सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, पण वर्षातून चार-पाच महिन्यांना पाचवा शनिवार असतो आणि त्या दिवशी त्या उघड्या असतात. हा पाचवा शनिवार मुलांचा ठरवावा. रोखपालाने सुट्या नाण्यांचे एक ताट मांडावे, चारही टांकसाळी जो शोधून काढील त्याच्या पासबुकावर हसऱ्या चेहऱ्याचा शिक्का मारावा आणि नाणी मात्र मोजून परत घ्यावीत.

संयुक्त खाते उघडताना दोघांनीही उखाणा घेतल्यावाचून अर्ज स्वीकारू नये, अशीही माझी सूचना आहे. अर्जात ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असा एक पर्याय असतो. दोघांपैकी कोणीही, आणि एक गेल्यास मागे राहील तो, खाते चालवू शकतो, असा त्याचा अर्थ. नवविवाहित जोडपी त्यासमोर बिनदिक्कत खूण करतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. आमच्या सौभाग्यवतींनी यावर घरीच उखाणा करून दाखवला आहे: ‘मुदत ठेवीची पावती ठेवली कपाटात जपून, रावांचं नाव घेते आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणून.’ तो ऐकल्यापासून पावती कोणत्या कपाटात आहे, हे त्या मला सांगत नाहीत.

दोरीने बांधलेल्या पेनाची थट्टा इतकी झाली आहे, की तीत मी पडणार नाही. परंतु मी डावखुरा आहे आणि पेन नेहमी उजवीकडे बांधलेले असते. आमच्या शाखेत दोरीची लांबी वीतभर असल्याने मला पैसे काढण्याची स्लिप भरताना शेजारच्या गृहस्थांच्या कुशीत शिरावे लागते. अशा रीतीने माझ्या तीन चांगल्या ओळखी झाल्या, हे खरे, पण स्त्रियांच्या शेजारी ही सोय गैरसोयीची ठरते. दोरी दोन हात लांब करावी अथवा दुसरे पेन डावीकडे बांधावे. उजवीकडच्या पेनात शाई असतेच असे नाही, त्यामुळे दुसरे पेन उजव्या हाताच्या ग्राहकांच्याही उपयोगी पडेल.

खिडकीपलीकडच्या माणसांना हे सर्व सुचवणे अन्यायाचे आहे, अशी शंका कोणी घेईल आणि ती रास्त आहे. दिवसाअखेर रोकड कमी भरली, तर रोखपालाला खिशातून भरावी लागते. अशा माणसाला किल्ल्यांची नावे पुकारायला लावणे सोपे नाही. शिवाय शाखेत माणसे कमी आहेत, हे तर रिकाम्या खुर्च्यांवरूनच दिसते. म्हणून पुकारण्याचे काम रांगेतल्या आम्हा निवृत्तांकडे द्यावे. मोजणीच्या वेळी शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. आवाज अजून शाबूत आहे आणि वेळही आहे. भाजीवाल्याला मीसुद्धा फोनवरूनच पैसे देतो, रांगेचे मला वेड नाही. पण तरुण मंडळी शाखेत येईनाशी झाल्यापासून तेथे उरलो आहोत ते आम्ही पेन्शनर, पासबुक भरून घेणारे, बचत गटाच्या बाया आणि फाटक्या नोटा बदलायला आलेले दुकानदार. या मंडळींना हाक मारताना नावाने मारली, एवढे झाले तरी माझ्या बाकीच्या कल्पना मी मागे घ्यायला तयार आहे. घंटा सोडून.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त भूकरमापक, सातारा

ता. क.: पत्र पूर्ण करून पासबुक भरण्यासाठी शाखेत गेलो, तर छपाईच्या यंत्रावर ‘मशीन बंद आहे’ अशी चिठ्ठी होती. गेल्या महिन्यातही तीच होती, कारण तिच्यावरचा चहाचा डाग मला ओळखता आला. मी तिच्याखाली पेन्सिलीने ‘लवकर बरे व्हा’ असे लिहून आलो आहे. अक्षर डावीकडे कललेले असल्याने ते कोणाचे, हे ओळखू येईल. तरी शाखाधिकाऱ्यांनी राग मानू नये.