वाऱ्याचा वेग छापता, पाण्याची उंचीही छापा

संपादक महोदय,

फिलिपिन्सवर टायफून धडकला की आपल्याकडच्या बातमीचा साचा ठरलेला असतो : ताशी अमुक किलोमीटरचे वारे, ‘सुपर टायफून’, उडालेले पत्रे आणि आडव्या माडांचा एखादा फोटो. तिथे सर्वाधिक बळी घेते ते बहुधा पाणी. त्याचा आकडा बातमीत शोधूनही सापडत नाही.

नोव्हेंबर १९९१ मधले लेयटे बेटावरचे ओरमोक शहर घ्या. ‘थेल्मा’ (तिथले नाव ‘उरिंग’) हे वाऱ्याच्या हिशेबात किरकोळ वादळ, ताशी ७५ किलोमीटरच्या आसपासचे. त्यात सुमारे ५ हजार माणसे गेली. शहरावरच्या डोंगरउतारांवरचे जंगल कधीच तुटलेले, जागोजागी ऊस लावलेला. पाणी मुरले नाही. माती आणि ओंडके घेऊन खाली आले, पुलांपाशी तुंबले आणि शहरात घुसले. नदीपात्रालगतची इस्ला वेर्दे ही वस्ती जवळपास पुसली गेली. याला नैसर्गिक आपत्ती म्हणायचे असेल तर पूररेषेत घरे बांधू देणारेही निसर्गातच धरावे लागतील.

८ नोव्हेंबर २०१३ च्या ‘हैयान’ची (तिथे ‘योलांडा’) गोष्ट वेगळी. वारा भयंकर होताच, पण त्याच बेटावरचे ताक्लोबान शहर बुडाले ते समुद्राने. वादळाच्या केंद्रातला दाब ८९५ हेक्टोपास्कल होता. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. म्हणजे नेहमीच्या १०१३ च्या तुलनेत जेमतेम सव्वा मीटर. बाकीचे पाणी वाऱ्याने ढकललेले. सान पेद्रो उपसागर उथळ, उत्तरेकडे चिंचोळा होत जाणारा, आणि ताक्लोबान त्याच्या टोकाशी. वारा आधी जमिनीकडून होता, त्याने पाणी बाहेर ओढले. वादळाचा डोळा (केंद्र) दक्षिणेकडून सरकताच वारा फिरला आणि तेच पाणी पाच मीटरच्या वर चढून शहरात आले. ६,३०० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली.

इशारा दिला नव्हता असे नाही. पण त्यात ‘स्टॉर्म सर्ज’ (वादळाने समुद्र चढून जमिनीवर येणे) हा इंग्रजी शब्द होता, आणि वाराय ही तिथली भाषा बोलणाऱ्या माणसाला त्यातून काहीच कळले नाही. ‘त्सुनामी म्हणाला असतात तर पळालो असतो,’ असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी नंतर सांगितले. आश्रयासाठी निवडलेल्या इमारती वाऱ्याला टिकतील अशा पक्क्या होत्या, पण त्यांतल्या काही किनाऱ्याजवळ, सखल भागात. आत थांबलेली माणसे तिथेच बुडाली. उलट तुलांग दियोत या चिमुकल्या बेटावरच्या सुमारे हजार जणांना आदल्या दिवशीच शेजारच्या मोठ्या बेटावर हलवले होते. घरे सगळी गेली, माणूस एकही नाही.

तिथल्या हवामान खात्याचे, म्हणजे ‘पगासा’चे, १ ते ५ क्रमांकांचे सिग्नल निव्वळ वाऱ्याचे असतात. बातमीत ‘सिग्नल १’ वाचून आपण निर्धास्त होतो. पाऊस किती, हे त्यातून कळत नाही. २६ सप्टेंबर २००९ रोजी ‘ओंडॉय’ वादळाने मनिला परिसरात २४ तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस पाडला. २६ जुलैचे ९४४ सोसलेल्या मुंबईकराला हा आकडा मामुली वाटेल, पण त्यातला बहुतांश सहा तासांत पडला आणि मारिकिना नदी २१ मीटरच्या वर गेली. त्या नदीचे इशारे कसे आहेत पाहा : १५ मीटरला तयारी, १६ ला घर सोडायचे, १८ ला सक्तीने बाहेर. भोंगा वाजला की अर्थ विचारावा लागत नाही.

तेव्हा बातमीत एवढे द्यावे : वादळाचे तिथले नाव, अपेक्षित पाऊस किती तासांत किती, आणि समुद्र किती मीटर चढणार. ती उंची जमिनीपासूनची की भरतीच्या वरची, हेही लिहावे. लेयटेला भरती-ओहोटीत फरक थोडा असतो. कोकणात अमावास्या-पौर्णिमेला तो चार मीटरपर्यंत जातो, म्हणून वादळाने चढलेले, समजा, दोन मीटर पाणी ओहोटीला आले तर पुळणीवर थांबेल, भरतीला आले तर घरात येईल. आपल्याकडेही ‘वादळी लाट’ म्हटले की एक लाट येऊन परत गेली असे वाटते, ‘उधाण’ म्हटले की नेहमीचे वाटते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर तरी या शब्दांऐवजी ‘पाणी कंबरेच्या वर येईल आणि काही तास राहील’ असे सरळ छापायला हरकत नसावी.

— एक वाचक, अलिबाग