संद्या, येताना चिंचोके आण

प्रिय संद्या,

तुझा परवाचा साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला, त्यातली तीन मिनिटं तर मागे तुझी पोरं भांडतायत तेच ऐकू येतंय. तू विचारलंस, आठ दिवस येतोय खरं पण पोरं तुझ्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर करतील काय, सांगलीत निदान अंगण तरी आहे. बरोबर विचारलंस. मीपण व्हॉइस मेसेजच करणार होतो पण आमच्याकडे सलग पाच मिनिटं शांतता मिळत नाही, म्हणून रात्री साडेअकराला बसून टाइप करतोय. लांबेल. चहा घेऊन बस.

आधी आमची कशी वाट लागली ते ऐक. एप्रिलमध्ये शाळा संपली तेव्हा आमच्याकडे प्लॅन होता. बायकोने चक्क एक्सेल शीट केलेली, सकाळी ड्रॉइंग, मग गोष्ट, मग पझल, दुपारी झोप (कोणाची ते लिहिलं नव्हतं). मी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो, ती दोन दिवस, म्हणजे कोणी ना कोणी घरात असतंच, पण नुसतं असून काय उपयोग, लॅपटॉपला चिकटलेला बाप म्हणजे फ्रीजसारखाच, आवाज येतो पण खेळायला येत नाही. तिसऱ्या दिवशी चारपर्यंतच्या सगळ्या अॅक्टिव्हिटी पोरांनी अकरालाच उरकल्या आणि छोटा माझ्या मीटिंगमध्ये घुसून म्हणाला, बाबा आता काय? ते ‘आता काय’ मी त्या दिवशी मोजलं. एकोणीस वेळा.

मग समर कॅम्प. मोठीला घातलं, दहा दिवसांचे ६,५०० रुपये. नाव नाही सांगत, पण त्यात एक दिवस होता ‘फायरलेस कुकिंग’, म्हटलं बघू काय शिकवतात, तर भेळ. मुंबईच्या पोरीला ६,५०० रुपये घेऊन भेळ! आणि तीपण गोड चटणी कमी घातलेली. मोठी घरी येऊन म्हणाली की तिथे सगळं छान आहे पण कोणी कोणाशी खेळत नाही, टीचर सांगतात ते सगळे करतात आणि मग सगळ्यांचे पालक न्यायला येतात. नऊ वर्षांची पोरगी, पण बोलली ते माझ्या डोक्यात राहिलं.

आणि मग एसी गेला. हा या पत्रातला मोठा टर्निंग पॉइंट आहे. भर मे महिन्यात कॉम्प्रेसर गेला, दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला आणि त्याचा तो उद्या नऊ दिवस चालला. तुला मुंबईचा उकाडा माहितीच आहे, तुमच्याकडे ऊन भाजतं पण सावलीत गेलं की बरं वाटतं, इथे सावलीतही माणूस वाफवला जातो. तेव्हा हवा खेळती राहावी म्हणून मी मेन दार उघडं टाकलं, फक्त जाळीचं सेफ्टी डोअर लावलेलं. सात वर्षं झाली रे या बिल्डिंगमध्ये राहून, आणि दुपारी दार उघडं असं पहिल्यांदाच. तासाभरात समोरच्या ४०२ मधला पोरगा जाळीला नाक लावून उभा. माझा छोटा आतून नाक लावून. दोघं पाच-दहा मिनिटं नुसते एकमेकांकडे बघत होते, तुरुंगातली भेट असते तसे. मी म्हटलं अरे ये की आत. तो आला, मग त्याची बहीण आली, मग ४०४ मधली एक मुलगी जी मला वाटायचं की त्यांच्याकडे नाहीच राहत, नातेवाईक असेल, ती निघाली त्यांचीच. सहावीतली. सात वर्षं एका मजल्यावर!

तुला आठवतं का, लालबागला मे महिन्यात चाळ अर्धी रिकामी व्हायची, सगळे चाकरमानी पोरांना घेऊन एसटीने कोकणात, आणि आपल्या दोघांचंच गाव नव्हतं धड. तुझे आजोबा मिलमध्ये आले ते आलेच आणि आमचं घर भाऊबंदकीत गेलेलं. मग आपण दोघंच गॅलरीत भिकार-सावकार खेळत बसायचो, कारण दोघांत दुसरं काय खेळणार. तो डाव कधी संपायचाच नाही, जेवून येऊन पुन्हा तोच. आपल्याकडे तेव्हा पत्ते होते, कॅरम होता, गोट्या होत्या, आणि तरी आपण रोज जूनची वाट बघायचो, कारण भिडू नव्हते. ते मला आत्ता, या जाळीच्या दारापाशी कळलं. माझ्या घरात खेळण्यांचं एक अख्खं कपाट आहे रे. भिडू नव्हते.

बरं, पोरं जमली सहा, पण सहा पोरं जमली की पहिली गोष्ट काय करतात? एकाचा टॅब बघत बसतात. सहाही जण, एका टॅबवर. मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग पत्ते काढले. पाच वर्षांच्या छोट्याला तेरा पत्ते हातात धरता येत नाहीत, सगळे खाली पडतात आणि सगळ्यांना दिसतात, म्हणून चपलेच्या खोक्याच्या झाकणाला लांब चीर पाडली आणि त्यात त्याचे पत्ते उभे खोचून दिले. हे तू कर, भारी चालतं. बदाम सात दोन दिवसांत आलं त्याला, आणि साताच्या वर आठ खाली सहा करता करता उलटे आकडेही आले, जे शाळेच्या वर्कशीटवर रडून रडून येत नव्हते. गुलामचोरमध्ये मात्र त्याचा चेहराच सांगतो गुलाम कोणाकडे आहे. मेंढीकोट मोठ्यांचं, त्यात मी लंच टाइमला बसतो, आणि ४०४ वाली पोरगी दश्शी अशी लपवते की तुझी आई आठवली मला. तुझी आई आणि दश्शी, काय बोलायचं.

आता मुख्य गोष्ट. ४०३ मध्ये एक आजी आहेत, मूळच्या साताऱ्याकडच्या, ऐंशीच्या आसपास. रोज आवाज ऐकून एक दिवस आल्या. मला वाटलं तक्रार करायला आल्या, मी आधीच सॉरी म्हणून टाकलं. त्या म्हणाल्या, चल्लस येतं का रे यांना? आणि आत जाऊन गावाहून आलेल्या अख्ख्या चिंचेतले दोन चिंचोके घेऊन आल्या, बत्त्याने एकेक ठोका घालून उभे फोडले, झाल्या चार कवड्या, एक बाजू काळी एक पांढरी. एक पांढरी पडली की एक, दोन पडल्या की दोन, चारही पांढऱ्या म्हणजे चल्लस, म्हणजे चार, आणि चारही काळ्या पडल्या की आठ. चल्लस किंवा आठ आले की पुन्हा टाकायचं. पाच बाय पाच घरांचा पट, चार बाजूंना चौघांची घरं, बाहेरून गोल फिरत यायचं, कोणाला तरी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरायचं नाही, फुलीच्या घरात कोणी मारत नाही. आपण खेळलोय हे, तुझ्या मावशीकडे, कोळशाने पट आखून. मी पार विसरलो होतो.

पट आखायला खडू घेतला तर व्हिट्रिफाइड टाइल्सवर खडू घसरतो, उमटतच नाही. तेव्हा ४०४ वाली म्हणाली, अंकल टाइल्सच वापरू ना. आणि संद्या, लिफ्टसमोरची आमची लॉबी, तू बघशीलच, तिथे दोन-दोन फुटांच्या टाइल्स बरोबर पाच आडव्या पाच उभ्या बसतात, आणि चार बाजूंना चार फ्लॅटची चार दारं! म्हणजे चार भिडूंची चार घरं आयती. मग सोंगट्या कशाला, पोरंच सोंगट्या झाली. आजी खुर्ची टाकून दारात बसतात आणि चिंचोके टाकतात, आकडा ओरडतात, पोरं टाइल मोजत पुढे जातात. कोणी मारलं की खरोखर आपल्या घरात जायचं, दाराला हात लावायचा आणि पुढचा चल्लस पडेपर्यंत उंबऱ्यात उभं राहायचं (हा नियम पोरांनीच बनवला, आजींना मान्य नाही, रोज वाद). परवा लिफ्टमधून पार्सलवाला उतरला आणि सरळ पटावरून चालत गेला, तर सगळी ओरडली, फुलीवर थांबा, फुलीवर थांबा! तो बिचारा थांबला. आजींनी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला आमच्याकडे पण खेळतात हे, पण नाव वेगळं आहे.

सगळं गोड गोड चाललंय असं समजू नकोस. आजींनीच शिकवलं की चिंचोका फरशीवर जोरात घासला की गरम होतो. आपण शाळेत हेच धंदे करायचो, तू माझ्या मानेला लावलेला चटका मी विसरलेलो नाही. आमच्या मोठीने तो ४०२ वाल्याच्या दंडाला लावला. लाल चट्टा. त्याची आई आली, मी सॉरी म्हटलं, मोठीला सॉरी म्हणायला लावलं, दोन दिवस त्यांचं दार बंद. मला वाटलं संपलं सगळं. तिसऱ्या दिवशी तो पोरगाच आला, खिशात पांढरा होईपर्यंत घासलेला चिंचोका घेऊन, आणि मोठीला म्हणाला हात पुढे कर. हिशोब पूर्ण. आयांना अजून माहीत नाही.

सोसायटीची नोटीसही आली. ‘कॉमन पॅसेजमध्ये खेळण्यास सक्त मनाई आहे.’ खाली पार्किंगमध्ये मनाई, गच्चीला कुलूप, बागेत बॉल नाही, मग पोरांनी काय भिंतीवर चढायचं? मी भांडायला निघालो होतो, पण आजी एकट्याच सेक्रेटरींकडे गेल्या आणि काय बोलल्या देव जाणे, आता एक ते चार बंद आणि नंतर खेळा असं ठरलंय. गच्चीची चावीपण मिळाली, कारण आजींना पापड वाळवायचेत. उडदाच्या लाट्या करताना पोरं मदतीला होती, म्हणजे लाटण्यापेक्षा कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाण्यातच जास्त मदत झाली.

एक ते चार ही वेळ मात्र अजून जड जाते, खोटं कशाला बोलू. तेव्हा टीव्ही चालतो, मोबाइल चालतो, बायको आणि मी एकमेकांकडे न बघता चालवून घेतो. कधी कधी छोटा नुसता फरशीवर उघडा पालथा पडून असतो, कारण फरशी गार असते. मी हल्ली विचारत नाही काय करतोयस म्हणून.

बाहेर न्यायचं असेल तर एकच दिवस ने, सकाळी लवकर, आणि राणीबागेत ने. भांडुपहून स्लो लोकल, भायखळ्याला उतरायचं, पूर्वेला चालत. बुधवारी बंद असते हे लक्षात ठेव, आम्ही गेल्या वर्षी बुधवारीच गेलो होतो आणि गेटवर छोट्याने जो गोंधळ घातला तो आतल्या माकडांनी ऐकला असेल. पेंग्विन बघायला लाइन असते. ते बर्फातले नाहीत बरं का, हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ साली आणलेत. त्यांच्या काचेपलीकडे थंडगार असतं, आणि आमचा एसी बंद असताना छोटा तिथे काचेला गाल लावून मोठ्याने म्हणाला, बाबा यांचा एसी कोणी रिपेअर केला? आजूबाजूचे सगळे हसले, मी पण हसलो, दुसरं काय करणार.

बागेतली झाडं चुकवू नको. गोरखचिंचेचं झाड आहे, आफ्रिकेतलं, बुंधा असा की सहा पोरांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला. अर्थातच पहिला प्रश्न, याचे चिंचोके केवढे असतील.

आणि शेजारी भाऊ दाजी लाड म्युझियम, १८७२ चं, तेही बुधवारी बंद. आत गेला नाहीस तरी चालेल पण बाहेरचा दगडी हत्ती दाखव. तो घारापुरीचा, त्याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज तो उचलून इंग्लंडला न्यायला गेले, क्रेनची साखळी तुटली, हत्ती पडून फुटला, आणि पुढे त्याचे तुकडे जुळवून पुन्हा उभा केला. आमच्या मोठीने तिथे अर्धा तास सांधे शोधले. घरी येऊन माझा फुटलेला कप फेव्हिकॉलने जोडायला घेतला, कानच उलटा लावला.

बाकी मॉलबिल काही ठरवू नको. तुझी दोन, आमची दोन, मजल्यावरची चार, म्हणजे आठ पोरं. चल्लसला एका दारात दोन-दोन, टीम करू. आजींना मी सांगून ठेवलंय, त्यांनी लगेच विचारलं सांगलीकडच्यांना येतं ना?

एक काम कर. आमच्या चार कवड्यांपैकी एक लिफ्टच्या फटीतून खाली गेलीय आणि आजींची चिंच संपली. इथे दुकानात बघितलं तर सगळीकडे बिनबियांची चिंच, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, जणू काय उपकारच. सध्या एका जागी शर्टाचं बटण टाकतायत, ते कुठली बाजू पांढरी यावरून रोज मारामारी. तुमच्या परड्यातल्या चिंचेचे मूठभर घेऊन ये. मोठे बघून आण, बारके नीट फुटत नाहीत.

तुझा,
अव्या

ता.क. एसी झाला दुरुस्त. दार उघडंच ठेवतो, बिल किती येतंय ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.