काळ्या मेंदीचे झाड नसते

महोदय,

गणपती जवळ आले की किराणा दुकानांच्या दारात ‘काळ्या मेंदी’च्या पुड्यांच्या माळा लटकू लागतात; त्या पाहून हे पत्र लिहीत आहे. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य केसांतील केराटिन या प्रथिनाला घट्ट धरते आणि नारिंगी ते तांबूस रंग देते. काळा रंग मेंदीत मुळातच नाही. तो हवा असेल तर वर निळीच्या झाडाच्या पानांची पूड (कपड्यांची नीळ नव्हे!) लावावी लागते.

मी गेली बारा वर्षे घरी हेच करते. रात्रभर भिजवलेली मेंदी दोन-तीन तास ठेवून धुवायची आणि मग निळीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची, कारण पानांतील इंडिकॅन या द्रव्यापासून सुटणारा घटक हवा लागून निळा होतो आणि ही क्रिया वाडग्यात उरकली तर केसांवर काहीच चढत नाही. धुतल्यावर प्रथम केसांवर हिरवट झाक येते. पहिल्या खेपेस मी डोक्यावरून पदर घेऊनच भाजी आणायला गेले होते. एक-दोन दिवसांनी तोच रंग गडद होत काळपट तपकिरी होतो.

तेव्हा अर्ध्या तासात केस काळेकुळकुळीत करणारी पुडी केवळ पानांची असू शकत नाही. तिच्यात बहुधा पॅराफिनिलीनडायअमाइन हे रसायन असते, ज्याची ॲलर्जी असलेल्यांना तीव्र त्रास होतो. गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या पापण्या अशाच एका पुडीने इतक्या सुजल्या की दोन दिवस डोळे उघडेनात. पुडीवर पुढे हिरवे पान होते आणि मागे, तिळाएवढ्या इंग्रजी अक्षरांत, या रसायनाचे नाव.

हे रसायन असलेल्या कलपावर ‘आधी त्वचेवर चाचणी घ्यावी, भुवया व पापण्यांना लावू नये’ ही सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापावी, असा नियम आहे. अन्न व औषध प्रशासनाने सणांच्या तोंडावर मिठाईची तपासणी होते तशी या पुड्यांचीही करावी आणि मराठी सूचना नसलेला माल दुकानांतून उचलावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सांगली